हसली की वर जाणारी तारली

हसलं की पकडून नेतील, या भीतीनं तुम्ही कधी परकराच्या काठात शिसं शिवलं आहे? आमच्या शेजारच्या तारलीनं शिवलं आहे. जाळं बुडावं म्हणून लावतात ना, तेच शिशाचे मणी. कारण तारली खूश झाली की तिचे पाय वाळूवरून सुटतात. गालात हसली तर वीतभर, पोट धरून हसली तर माडाच्या झावळांपर्यंत.

ती पृथ्वीवरची नाही, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. कुणकेश्वरच्या अलीकडे आमच्या किनाऱ्यावर रापणीचं मोठं जाळं ओढताना तारली माशांबरोबर ती वर आली, म्हणून हे नाव. वय तिच्याकडच्या हिशेबानं किती कोण जाणे. उलट उत्तरं देण्याच्या हिशेबानं सोळा. मासे विकणाऱ्या सुमनकाकीनं तिला घरी नेलं आणि विचारणाऱ्याला सांगून टाकलं, "भाची माझी. वेंगुर्ल्याची." वेंगुर्ल्याची माणसं अशी हिरवट असतात का, हे कुणी विचारलं नाही.

तारली चहात समुद्राचं पाणी घालते. मांजरांना अहो-जाहो करते आणि रापणीच्या म्होरक्याला, अण्णाला, अरे-तुरे. मी कारण विचारलं तर म्हणाली, "मांजर कोणाचा ऐकणा नाय. अण्णा बायलेचा ऐकता."

तिला हसू द्यायचं नाही, या कामाला सगळा गाव जुंपलेला. एसटीच्या थांब्यावर तिचे ओठ नुसते हलले तरी कुणीतरी दटावतं, "तारले, डिझेलचो भाव आठव." ती खाली येते.

मला हे कधीच पटलं नाही. एका मुलीनं सुरक्षित राहावं म्हणून तिनं तोंड पाडून बसायचं, हा कुठला न्याय? मी हे काकीला चांगलं ठणकावून सांगितलं. काकी कोलंबी सोलत म्हणाली, "भाषण बरा करतंस गो. पण तिका वरसून खाली हाडतलो कोण?"

मग कणकवलीहून एक साहेब आले. आकाशातून समुद्रात काहीतरी पडलं होतं, त्याचा तपास करायला. तेव्हा रापण ओढणं चाललं होतं आणि तारली दोरी ओढणाऱ्यांत होती. साहेबांनी बोट दाखवलं. "ही कोण? बाहेरची दिसते. हिला चौकशीला न्यावं लागेल."

अण्णाचं डोकं फिरलं. "भायली कशी? दोरी धरता ती. रापणीची वाटेकरी आसा."

आमच्याकडे जो दोरीला हात लावतो त्याचा माशांत वाटा. पण आजवर तारलीचे मासे काकीच्याच वाट्यात धरले जायचे. तिला कुणी वाटेकरी म्हटलेलं नव्हतं. आणि आज अण्णानं म्हटलं, तेही साहेबांच्या तोंडावर. डिझेलचा भाव आठवायला तिला वेळच मिळाला नाही. शिशासकट ती वर गेली, दोरी हातात धरूनच.

काकीनं परकर धरला, मी पाय धरला, आणि आम्ही दोघीही लोंबकळू लागलो. ते बघून साहेबांनी बॅग वाळूत टाकली, दोरी पकडली आणि सगळ्यांबरोबर जोर लावला. माणूस निसटताना दिसला की हात आधी पुढे होतात, तपास मागाहून सुचतो.

तारली खाली आली. साहेब धापा टाकत होते. "हे काय होतं?"

"वारो," अण्णा म्हणाला. "आणि ती धड जेवक नाय."

मासळीचे वाटे पडले तेव्हा अण्णानं एक वाटा साहेबांपुढे सरकवला. "दोरी धरल्यात तुम्ही. आता तुम्ही पण वाटेकरी. आणि वाटेकरी वाटेकऱ्याक पकडून देणत नाय."

साहेबांनी बॅगेवरची वाळू झटकली. मग हळूच म्हणाले, "एखादी पिशवी असेल तर द्या."

ते गेले, ते परत आले नाहीत. संध्याकाळी मी तारलीला म्हटलं, आता मोकळेपणानं हस. ती पायानं वाळू उकरत राहिली.

"आमच्याकडे एक हसला की सगळीच वर जातत," ती म्हणाली. "वरच बसान गप्पा-गजाली करतत. हंय तुमच्याकडे वर गेलंय की मी एकटीच."



तेव्हा तुमच्याकडे एक मागणं आहे. आमच्या किनाऱ्यावर आलात आणि एखादी मुलगी हसता हसता जमीन सोडताना दिसली, तर मोबाइल काढू नका. तिचा हात धरा. आणि खाली ओढू नका, जमेल तेवढं तिच्याबरोबर वर जा.