मागच्या बाकावरचं स्टेअरिंग

एका जंगलात, बाळांनो, एक जुनी व्हॅन होती. ती तिथे कशी आली हे विचारू नका. जंगलात सिंह राज्य करतो ते चालतं, मग व्हॅनही चालेल.

ती व्हॅन केरबा नावाचं अस्वल चालवायचं. दर सोमवारी तो सगळ्या प्राण्यांना घाट उतरून नदीकाठच्या बाजाराला न्यायचा आणि दिवस कलायच्या आत परत आणायचा. घाटात एक अवघड वळण होतं. त्याचं नाव बोंबल्याचं वळण.

हे नाव त्याला उगाच पडलेलं नव्हतं. व्हॅनचं स्टेअरिंग इतकं जड होतं, की त्या वळणावर एकट्या केरबाच्याने ते फिरेना. मग शेजारी बसलेला सरपंच गवा स्टेअरिंगला हात घालायचा. गव्याला मागून तरसकाकू ओढायची, तरसकाकूला रानडुकरं ओढायची, आणि ज्यांच्या हाती कुणाचीच शेपटी यायची नाही ते नुसतेच बोंबलायचे. असं करत गाडी वळायची. वळली, की जो तो शेजाऱ्याला सांगायचा, "आज मी होतो म्हणून निभावलं."

चौदा वर्षं असंच चाललं. चौदा वर्षांत केरबाचा उजवा खांदा कामातून गेला. हात छातीच्या वर जाईना. आता तुम्हीच सांगा, ज्या अस्वलाचा हात वर जात नाही, त्याने मधाचं पोळं काढायचं कसं? केरबा झाडाखाली बसून वर बघायचा आणि जमिनीवर पडलेली उंबरं खायचा. त्याला फार वाईट वाटायचं.

शेवटी तो साळिंदर मेस्त्रीकडे गेला. मेस्त्रीची हत्यारं त्याच्या पाठीवरच खोचलेली असायची, त्यामुळे कधी हरवत नसत.

"मेस्त्री, अजून एक पावसाळा हे स्टेअरिंग ओढलं, तर हात गळ्यात बांधून हिंडावं लागेल बघा," केरबा म्हणाला.

"मग पॉवर स्टेअरिंग बसवून घे की," मेस्त्री म्हणाला. "पलीकडच्या रानात एक नवी गाडी दरीत पडलीय. तिचा पंप काढू, इंजिनावर बसवू, त्याला पट्टा लावू. स्टेअरिंग आणि त्याच्या खालचा बॉक्सही तिचाच घालू. तेल दाब देतं, आपण फक्त दिशा सांगायची."

आठ दिवस ठोकाठोक चालली. मग केरबा गाडीत बसला आणि त्याने एका नखाने स्टेअरिंग फिरवलं. चाकं मुकाट वळली. केरबाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने ते गुपचूप पुसलं, कारण मेस्त्रीला रडकी गिऱ्हाइकं आवडत नसत.

सोमवारी गाडी बाजाराला निघाली. केरबाने सगळ्यांना नीट समजावून सांगितलं, की आता ओढायचं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. बोंबल्याचं वळण आलं आणि गव्याने सवयीने हात घातला. तरसकाकूने गव्याला ओढलं, डुकरांनी तरसकाकूला ओढलं, बाकीचे बोंबलले. लोण्यासारखं मऊ स्टेअरिंग ते, एका झटक्यात टोकापर्यंत फिरलं आणि व्हॅन करवंदीच्या जाळीत घुसली.

कुणाला काही झालं नाही. सरपंचांना लागू नयेत तिथे काटे लागले, एवढंच.

संध्याकाळी वडाखाली सभा भरली.

"ओढलं कुणी, हा प्रश्नच नाही," गवा उभ्यानेच म्हणाला. बसणं त्याला शक्य नव्हतं. "ओढायची आपल्याकडे पद्धतच आहे. दोष स्टेअरिंगचा आहे. ते फार ऐकतं."

"आणि कुणाचं ऐकतं? एकट्या डायव्हरचं," तरसकाकू म्हणाली. "मग आम्ही गाडीत बसून काय करायचं? बाहेर बघत बसायचं होय?"

सभेला हे पटलं. ठराव झाला: येत्या सोमवारपर्यंत जुनं स्टेअरिंग परत बसवावं, नाहीतर केरबाने गाडीवरून उतरावं. गाडी सोडली तर खायचं काय, आणि चालवली तर हात जायचा. केरबा मान खाली घालून मेस्त्रीकडे आला.

मेस्त्रीने सगळं ऐकून घेतलं आणि पाठीवरचा एक पाना उपसला.

"केरबा, तुला एक सांगतो. त्यांना गाडी वळवायला नकोय. त्यांना ओढायला हवंय. जुनं स्टेअरिंग कुठाय?"

"तुमच्याच भंगारात पडलंय."

मेस्त्रीने ते जुनं, थोरलं स्टेअरिंग उचललं आणि व्हॅनच्या मागच्या बाकापुढे पत्र्यात पक्कं ठोकलं. त्याचा दांडा खाली कशालाच जोडला नाही. फक्त नट असा आवळला, की गव्यालाही घाम फुटावा. तेलाचा थेंबही घातला नाही.

सोमवारी केरबाने सांगितलं, "सरपंच, ठरावाप्रमाणे जुनं स्टेअरिंग परत बसवलंय. सगळ्यांना हात लावता यावा म्हणून मागे बसवलंय. ही पुढची नुसती मला धरायला कडी."

बोंबल्याचं वळण आलं. मागे एकच कल्ला उठला. शेपट्या ताणल्या, गव्याच्या नाकातून वाफ निघाली, डुकरं लाल झाली. पुढे केरबाने एका नखाने गाडी अलगद वळवली.

"बघा," गवा धापा टाकत म्हणाला, "आता कशी वळली."

तेव्हापासून सगळे सुखी झाले. मागच्या स्टेअरिंगवर कुणी बसायचं यावरून निवडणुका होऊ लागल्या. एकदा मंडळींनी चुकून डावीकडे ओढलं आणि गाडी उजवीकडे वळली. तेव्हा मन लावून कोण ओढत नाही, हे शोधायला चौकशी समिती नेमली गेली. तिचं काम अजून चालू आहे.

एक ससा मात्र बाकाखालीच बसायचा. त्याला तिथून सगळं दिसायचं. एक दिवस तो म्हणाला, "सरपंच, हे स्टेअरिंग खाली कशालाच जोडलेलं नाही."

गव्याने त्याच्याकडे दयेने पाहिलं. "बाळा, जोडलेलं नसतं तर इतकं जड लागलं असतं का?"

ससा परत बाकाखाली जाऊन बसला.

पुढच्या दसऱ्याला जंगलाने उत्कृष्ट चालक म्हणून सरपंच गव्याचा सत्कार केला. शाल दिली, नारळ दिला. गव्याने भाषणात सांगितलं, की घाटात गाडी वळवणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. केरबाला मागच्या रांगेत जागा मिळाली होती. त्याने डोक्याच्या वर हात नेऊन टाळ्या वाजवल्या. खांदा जरासुद्धा दुखला नाही. मग तो उठला, वडावर चढला, आणि सभा संपेपर्यंत मध खात बसला.

तात्पर्य: एकीचं बळ फार मोठं असतं. म्हणूनच, बाळांनो, ते कशालाही न जोडलेल्या स्टेअरिंगलाच लावावं.