थप्पीमागची ड्युटी

बालाजी रजेवर आला त्या दिवशी चार वर्षांची मैत्रेयी आईच्या मागे दडून म्हणाली, "काका, तुमी कवा जानार?"

मोबाइलमधला छोटा बाबा तिला चालायचा. दारात उभा राहिलेला हा एवढा थोरला, मिशीवाला बाबा मात्र तिला पटेना. निम्मी रजा सरली तरी ती त्याच्या मांडीवर बसली नव्हती. त्याने जिलबी आणली, तर जिलबी घेऊन पळाली. "येईल हो, लहान आहे," असं त्याची बायको निकिता म्हणायची. पण बर्फातल्या चौकीवर महिनोन्‌महिने काढून आलेला हा गडी रिकाम्या मांडीकडे बघत बसला, की ती काहीतरी निमित्त काढून मैत्रेयीला त्याच्याकडे पिटाळायची. एकदा रजा संपली की पुन्हा मोबाइलच.

फौज काही बालाजीच्या अंगातून उतरत नव्हती. पहाटे उठून अंथरुणाची घडी अशी घालायचा, की तिचे कोपरे टोचावेत. निकिता तव्यावरची भाकरी उलटेपर्यंत त्याचं जेवण उरकलेलं असायचं. "तिकडं कवा शिट्टी वाजंल सांगता येत न्हाई," तो म्हणायचा. परवा तर त्याने माजघरातली सोयाबीनची थप्पी मोडून पुन्हा रचली. एका रेषेत, भिंतीपासून हातभर लांब.

"अहो, पोती सुखानं पडली होती की!"

"ढिली थप्पी बगवत न्हाई मला. आमची चौकी असल्याच गोन्यांच्या आडोशाला असती. त्यात वाळू, एवढाच फरक."

तेव्हापासून बापलेकीची लांबूनच काहीतरी कुजबुज चाललेली असायची. निकिता आली की दोघंही गप्प. पोरगी शिंकली तरी माहेरी फोन लावणारी बाई ती. पण बोलतात तरी, म्हणून तिने मुद्दाम खोदून विचारलं नाही. तिथेच चुकलं.

त्या दुपारी ती गिरणीतून पिठाचा डबा घेऊन आली, तर घर शांत. ओसरीत बाजेवर आबासाहेब, तिचे सासरे, घोरत होते.

"आबा, मैत्रेयी कुठंय?"

"आँ? बाळूसंगं आसंल. फटफटी घिऊन पेडगावला गेलाय त्यो."

निकिताने फोन लावला. बालाजीचा फोन माजघरातच चार्जिंगला वाजला. तेवढ्यात शेजारच्या कुसुमबाई कुंपणावरून म्हणाल्या, "बाळू तर एकलाच गेला की! म्या सोता पायलं."

निकिताच्या हातून डबा निसटला. पीठ अंगणभर झालं.

तिने "मैतूऽ" म्हणून घर डोक्यावर घेतलं. पलंगाखाली वाकली, न्हाणीत गेली, पाण्याच्या हौदात काठी घालून पाहिलं. कुसुमबाईंनी गल्ली गोळा केली. कुणी विहिरीकडे पळालं, कुणी अंगणवाडीकडे. आबासाहेबांना एकाएकी आठवलं, की झोपेत त्यांना दारावरून काहीतरी बारकं गेल्यासारखं वाटलं होतं.

"बापाच्या फटफटीमागं पळाली आसंल!" कुसुमबाईंनी निकाल दिला. लगेच दोन मोटारसायकली पेडगावच्या रस्त्याला लागल्या. आबासाहेबांना दिसलेलं ते बारकं म्हणजे कुसुमबाईंची शेळी होती, हे फार उशिरा उघडकीला आलं.

देवळातल्या पुजारी माऊलींनी भोंगा लावला. "झरीच्या समद्या गावकऱ्यांना विनंती! आपल्या मेजरची लेक सापडंना झालीया! आंगात लाल फ्रॉक हाय!" गावात सैन्यातल्या कुणालाही मेजरच म्हणत. ते ऐकून उरलेलं गावही दारात आलं. निकिता माजघरात शिरली आणि सोयाबीनच्या पोत्यावर डोकं टेकून ढसाढसा रडली.

बालाजी आला तो निकिताच्या आवडीचे पेढे घेऊन. दारातली गर्दी बघून लाजला. "आरं, सत्कार कशाला? रिटायर व्हायला टाइम हाय आजून!"

"कशाचा सत्कार?" कुसुमबाई कडाडल्या. "लेक हरवली तुजी! समदं गाव बोंबलायलंय, अन् तू पेढे आनतूस व्हय रं!"

बालाजीचा चेहरा उतरला. "हाका मारल्या का?"

"अहो, घसा फुटला माझा!"

"हाका मारून कशी येईल?" तो पुटपुटला. मग पेढ्यांचा पुडा निकिताच्या हातात कोंबून तो माजघरात धावला. मागून निकिता, तिच्यामागून गाव. थप्पीसमोर ताठ उभा राहून तो खणखणीत आवाजात म्हणाला,

"बटाटा!"

कुसुमबाईंनी आबासाहेबांकडे पाहिलं. पोराच्या डोक्यावर परिणाम झाला, याबद्दल दोघांचं एकमत दिसलं.

तेवढ्यात थप्पीमागून बारीक, करडा आवाज आला. "त्यो कालचा व्हता."

"भेंडी!" बालाजी घाईने म्हणाला.

पोतं आणि भिंत यांच्या फटीतून लाल फ्रॉक सरपटत बाहेर आला. केसांत कोळ्याचं जाळं, हातात लाटणं. ते बंदुकीसारखं खांद्याला लावून मैत्रेयीने उलट्या हाताने सलाम ठोकला.

"मैतू! हाका ऐकू नाही आल्या?"

"आल्या की. तू रडली ते बी आयकलं. पन तुला शब्द कुटं येत व्हता?"

"चौकीवरच्या पहाऱ्याचा खेळ व्हता गं," बालाजी खाली मान घालून म्हणाला. "परवलीचा शब्द सांगंल त्यालाच ओ द्यायची, रोज नवा शब्द. मला वाटलं, मी पेडगावला गेलो की ती कटाळून खेळाया जाईल. आबाला सांगितलं व्हतं लक्ष ठिवायला."

"मी हं म्हनलो व्हतो का?" आबासाहेबांनी विचारलं.

निकिताला हसू आलं की रडू, तिलाच कळेना. तिने दोन्ही हात पसरले. मैत्रेयी तिच्या बाजूने वळली, थांबली, आणि लाटणं टाकून बालाजीच्या गळ्यात पडली.

"बाबा, लय येळ लावला तुमी. पाय दुकायलेत माजे."

कडक घडीचा तो माणूस पार विस्कटला. पोरीला छातीशी धरून नुसताच उभा राहिला. माऊली भोंग्यावर बातमी सांगायला पळाले.

मैत्रेयीनेच मग त्याची मिशी ओढली. "बाबा, बदली कोन? पोस्ट रिकामी ठिवायची नसती म्हनला व्हता ना?"

बालाजीने घाबरत निकिताकडे पाहिलं. निकिताने पदराने डोळे पुसले, पेढ्यांचा पुडा सांभाळत अंग चोरलं आणि ती थप्पीमागे शिरली. आत गार होतं. पोत्यांना सोयाबीनचा वास येत होता. तिने भिंतीला पाठ टेकली, कितीतरी वेळाने पुरता श्वास घेतला आणि पुडा सोडला.

बाहेर कुसुमबाईंचा आवाज आला, "निकिता, एवढी मान्सं आलीत, च्या ठिवतीस का गं?"

निकिताने पेढा तोंडात टाकला. ओ दिली नाही. कुसुमबाईंना शब्द कुठे माहीत होता?