महादेवप्पांच्या मागांचा खडखडाट

भवानी पेठेतल्या महादेवप्पांचे टॉवेलचे चारही माग गप्प उभे होते, आणि भंगारवाला स्थळ बघायला आल्यासारखा त्यांना न्याहाळून गेला होता. दिवाळीपर्यंत ऑर्डर आली नाही तर माग त्याला द्यायचे, असं घरात ठरलं होतं. म्हणजे सून सिद्धेश्वरीनं ठरवलं होतं. महादेवप्पांनी नुसती मान हलवली होती.

सिद्धेश्वरीचं म्हणणं, हॉटेलवाल्यांना फोटोसकट मेल पाठवावेत. महादेवप्पांना ते पटेना.

"मेल म्हंजे पोस्टानं आलेली लग्नपत्रिका," ते म्हणाले. "तेवढ्यावर कोण जेवायला येतंय? दारात जाऊन अक्षता द्याव्या लागतात. फोनच करायचा."

पण फोन बंद कारखान्यातून करायचा नाही, ही त्यांच्या वडिलांची शिस्त. गिऱ्हाईक आधी मागाचा खडखडाट ऐकतं, मग भाव विचारतं. म्हणून प्रत्येक फोनआधी महादेवप्पा चारही माग सुरू करत आणि त्या गोंगाटात बेंबीच्या देठापासून ओरडत. पलीकडच्याला वाटे, माणूस भांडायलाच आलाय. कोल्हापूरच्या एका लॉजवाल्यानं तर भिऊन माफी मागितली. कशाबद्दल, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

माग चालले की टॉवेल निघणारच. आधी ऑफिस भरलं, मग माडी. शेवटी गठ्ठे देवघराच्या दारात आले आणि महादेवप्पांच्या पत्नी काशम्मा स्वयंपाकघरातूनच देवाला हात जोडू लागल्या. ऑर्डर मात्र एकही नाही.

अखेर सिद्धेश्वरीनं सासऱ्यांच्या नकळत पुण्याच्या एका मोठ्या हॉटेलला मेल केला. उत्तर आलं : नमुना पसंत आहे, वर्षभर माल लागेल, संध्याकाळी नक्की कळवतो.

"मामा, आता तुम्ही काही म्हणजे काही करू नका," ते उत्तर सासऱ्यांना वाचून दाखवत तिनं बजावलं.

महादेवप्पांनी कबूल केलं. पण ती बाजारात गेली आणि त्यांचा जीव खालीवर होऊ लागला. पत्रिका पाठवायची आणि पोचली का एवढंही विचारायचं नाही? लोक काय म्हणतील? त्यांनी माग सुरू केले आणि पुण्याला फोन लावला.

"तुमच्याकडे फारच काम दिसतंय," पलीकडचे साहेब म्हणाले.

महादेवप्पांची छाती फुगली. "श्वास घ्यायला सवड न्हाय बघा!"

संध्याकाळी मेल आला. सिद्धेश्वरीनं तो वाचला आणि टॉवेलच्या गठ्ठ्यावर बसकण मारली. आपला व्याप पाहता आमचं काम वेळेत होणार नाही, असं साहेबांनी नम्रपणे लिहिलं होतं. आपल्याच पेठेतले टॉवेलवाले चनबसप्पा सध्या मोकळे असल्याचं कळल्यानं ऑर्डर त्यांना देत आहोत.

चनबसप्पा मोकळे होतेच. त्यांनी माग गेल्या वर्षीच विकून टाकले होते.

दुसऱ्या दिवशी तेच दारात उभे राहिले. ऑर्डर तर घेतली, आता विणून कोण देणार, म्हणून कासावीस झालेले.

"महादेवप्पा, तुमालाच दिलं असतं काम," ते संकोचत म्हणाले, "पण दिवसभर तुमचे माग ऐकतोय की. तुमाला कुटली सवड?"

आतून सिद्धेश्वरी जिवाच्या आकांतानं खुणा करत होती. महादेवप्पांनी तोंड उघडलं. हाय की सवड, एवढंच म्हणायचं होतं. पण चनबसप्पासमोर आपण रिकामे आहोत हे कबूल करायचं त्यांच्या जिवावर आलं.

"बघू," ते म्हणाले. "दिवाळीनंतर जमतंय का."

चनबसप्पांनी समजुतीनं मान हलवली, आणि एखादा बंद पडलेला कारखाना शोधायला पुढच्या गल्लीत वळले.