नानांच्या सोवळ्याचा टोगा

"अख्ख्या घरात एक सरळ चादर नाही?" शिरीष कपाटातून एकेक चादर ओढून पलंगावर आपटत होता. "हिला इलॅस्टिक! हिलाही इलॅस्टिक! माणसानं अंगाभोवती गुंडाळायचं म्हटलं तर काही आहे का या घरात?"

"चादरी गाद्यांसाठी आणल्यात, तुझ्यासाठी नाही," त्याची बायको नीलिमा म्हणाली. "ड्रेस भाड्यानं आण म्हणून महिनाभर कंठशोष केला मी. आता मला फुलं आणायला जायचंय."

भाड्यानं! शिरीषच्या अंगाचा तिळपापड झाला. सिंगापूरमधल्या तांजोंग पगार भागातल्या त्याच्या ऑफिसात वर्षाचा 'डिनर अँड डान्स' म्हणजे साधीसुधी बाब नव्हती. यंदाचा विषय होता प्राचीन ग्रीस आणि रोम. उत्तम वेषभूषेचं बक्षीस दर वर्षी तो विक्रांत पळवायचा, तेही भाड्याच्या कपड्यांत! यंदा हा अन्याय सहन करायचा नाही, असं शिरीषनं ठरवलं होतं. त्यानं अभ्यास केला होता आणि तो रोज जेवताना घरच्यांच्या पानात वाढलाही होता.

"टोगा म्हणजे एक सलग कापड. शिलाई नाही, टाचणी नाही, गाठ नाही. साध्या नागरिकाचा पांढरा. अधिकाऱ्याच्या टोग्याला जांभळी किनार. आणि अख्खा जांभळा, वर सोन्याचं काम, तो फक्त सम्राटाचा! आणि आमचे लोक येणार वेल्क्रो लावून! लाज कशी वाटत नाही?"

यावर खूश व्हायचे फक्त नाना, म्हणजे पुण्याहून राहायला आलेले त्याचे वडील विश्वासराव. "शिवलेलं नाही म्हणजे सोवळंच की रे ते! शहाणी माणसं होती," असं म्हणून त्यांनी पुढे असंही सांगितलं होतं, की शनिवारी पौर्णिमा आहे, संध्याकाळी बेडोकला श्रीनिवासकडे सत्यनारायण आपण सांगणार आहोत. पण शिरीष तेव्हा टोग्याच्या चुण्यांबद्दल बोलत होता. दुसऱ्याचं ऐकायचं असतं, हे त्याच्या अभ्यासात आलं नव्हतं.

आज तोच शनिवार. नीलिमा फुलं आणायला गेली, नाना आतल्या खोलीत वामकुक्षी घेत होते, आणि शिरीषची नजर खिडकीबाहेर गेली. बांबूच्या दांडीवर नानांचं धोतर वाळत होतं. पांढरंशुभ्र, सलग, आणि काठ जांभळा! सेंगकांगच्या त्यांच्या सरकारी फ्लॅटला कपडे वाळवायला असा बांबू असतो, यावर नाना पहिल्या दिवसापासून फिदा होते. सोवळ्याला कुणाचा हात लागू नये म्हणून सरकारनंच सोय केली, असं त्यांचं मत होतं.

हात शिरीषचा लागला.

संध्याकाळी नाना आंघोळ करून ओल्या पंच्यानिशी बाहेर आले, तर बांबू मोकळा.

"माझं सोवळं कुठंय? कुणी नेलं? पंचा गुंडाळून जाऊ का मी बेडोकला? यजमान तिथे पाट मांडून बसलाय!"

धोतर चौदाव्या मजल्यावरून खाली पडलंय का, ते नीलिमा बघून आली. तेवढ्यात कुटुंबाच्या ग्रुपवर फोटो झळकला. खांद्यावर जांभळी किनार, खाली लिहिलेलं, 'अस्सल रोमन'.

"गाढव!" नाना गरजले. "बोलाव टॅक्सी."

"नाना, पँट तरी घाला."

"आंघोळ झाल्यावर शिवलेलं घालू? पूजेआधी?" नाना तिच्या साड्यांच्या कपाटाकडे वळले. "ही दे. छे, हिला फॉल! हिला पिको! एक साडी सोडली नाही शिंप्यानं!" शेवटी हाती लागली ती एकमेव बिनशिवलेली, अजून फॉलला न गेलेली, जांभळी पैठणी.

"नाना, अहो, ती माझी आहे! अजून घडीसुद्धा मोडली नाहीये मी!"

"येवल्याहून मीच आणलीय ना? बेडोकला पोचेपर्यंत मला असू दे."

तिकडे पार्टीच्या हॉटेलात शिरीषचे हाल कुत्रा खात नव्हता. टाचणी नाही, गाठ नाही, कासोटा तर रोमनांना ठाऊकच नाही, त्यामुळे टोगा दर मिनिटाला घसरत होता. जुने रोमन आत सदरासुद्धा घालत नसत म्हणून आत नुसता बर्म्युडा. डावा हात कापड सावरण्यात अडकलेला, उजव्या हातानं साते, म्हणजे काडीवरचे कबाब, खाताना शेंगदाण्याची चटणी काठावर सांडलेली. समोर विक्रांत वेल्क्रो लावून आरामात दोन्ही हातांनी जेवत होता. हा कुठला न्याय?

तेवढ्यात दार उघडलं. नाना आले. जांभळी पैठणी, सोन्याच्या मोरांचा पदर खांद्यावर, कपाळाला गंध, एक बोट वर.

"शिऱ्या! सोड ते!"

"नाना, इथे? लोक बघतायत हो..."

"मला टॅक्सीवाला बघत होता तेव्हा? सोड म्हणतो ना!" नानांनी काठ धरून ओढला. कशालाच खोचलेलं नसलेलं ते कापड एका झटक्यात सगळं नानांच्या हातात आलं. डाग दिसताच नानांचा आवाज आणखी चढला. "चटणी! माझ्या सोवळ्याला चटणी! आता बेडोकला जाऊन धुवायचं आणि ओलेत्यानं पूजा सांगायची!"

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. सूत्रसंचालन करणारी मुलगी धावत आली. "वा, एम्परर फायर्ड द ऑफिसर अह! सो ग्रँड लाह!" मग माईक शिरीषसमोर धरून तिनं विचारलं, की अख्खा जांभळा, सोन्याचं काम, हा खरंच सम्राटाचा वेष का?

बर्म्युड्यातल्या शिरीषनं उघड्या छातीवर हातांची घडी घातली. खोटं बोलणं त्याच्या अभ्यासाला शोभलं नसतं. "हो," तो म्हणाला. "फक्त सम्राटाचा."

पहिलं बक्षीस नानांना मिळालं. नानांनी तिथेच खोका फोडला, आतलं कापड झटकलं आणि पुन्हा भडकले. "चादर! आणि हिलाही इलॅस्टिक! काय करू मी हिचं?" ती त्यांनी मुलाच्या अंगावर फेकली आणि धोतर उचलून ते बेडोकच्या टॅक्सीत बसले.

शिरीष एमआरटीनं, म्हणजे तिथल्या मेट्रोनं, घरी निघाला. गच्च भरलेल्या डब्यात त्यानं दोन्ही हातांनी वरचा दांडा धरला होता. चादरीचं इलॅस्टिक खांद्यांवर असं घट्ट बसलं होतं, की सेंगकांग येईपर्यंत ती तसूभरही घसरली नाही.