तेल खाली जातंय

सोमवारपासून तिचं ऑफिस पुन्हा सुरू होणार होतं. आठ महिन्यांची रजा संपत आल्याचं वाईट वाटतंय, असं ती भेटेल त्याला सांगत होती आणि ते खरंही होतं. पण जाताना चाळीस मिनिटं आणि येताना चाळीस मिनिटं आपण गाडीत एकट्या असणार, तिथं कुणी रडणार नाही आणि कुणी हाकही मारणार नाही, या विचारानं पोटात ज्या गुदगुल्या व्हायच्या, त्याबद्दल तिनं कुणाकडे चकार शब्द काढला नव्हता. वरच्या मजल्यावरच्या जाऊबाई "माझ्या गाडीतून चल की, रस्ता एकच आहे," असं दोनदा म्हणाल्या होत्या. जाऊबाईंचं तोंड एकदा सुरू झालं की थांबायचं नाव घेत नाही, असा घरात लौकिक होता. तिनं दोन्ही वेळा "तुम्हाला कशाला त्रास" म्हणून सुटका करून घेतली होती.

गुरुवारी तिनं इंजिनातलं तेल तपासायला घेतलं. नवऱ्यानं शिकवलं होतं तशी तेल मोजायची पट्टी ओढून काढली, बाळाच्या जुन्या दुपट्यानं पुसली, परत आत घालून परत काढली आणि अंगावर थेंब पडू नये म्हणून टोक वर करून उदबत्तीसारखी धरली. पट्टीवर दोन खुणा होत्या.

"खालच्या खुणेला टेकलंय," ती म्हणाली.

"मग घाल थोडं," नवरा खिडकीतूनच म्हणाला. बाळ त्याच्या कडेवर होतं, म्हणजे मत द्यायला तो मोकळा होता.

टाकून द्यायच्या एका दुधाच्या बाटलीनं मोजून तिनं बरोबर दोनशे चाळीस मिलिलिटर तेल घातलं. बाटली रिकामी झाल्यावर तिच्या तोंडून "शहाणं ग माझं" असं निघून गेलं. इंजिन काही बोललं नाही.

शुक्रवारी भाजी घेऊन येताना गाडीत जळक्या तेलाचा वास आला. तिनं पट्टी काढून पाहिली, तर तेल खालच्या खुणेच्याही खाली गेलेलं.

"गाडी तेल पितेय," नवरा गंभीर झाला. "अजून घाल."

तिनं आणखी दोन बाटल्या पाजल्या. शनिवारी सकाळी वास इतका वाढला, की सासूबाईंनी आधी स्वयंपाकघरात जाऊन गॅस पाहिला. पट्टीवरचं तेल आणखी खाली सरकलं होतं.

"घालते तेवढं खाली जातंय हो," ती रडकुंडीला आली. "सोमवारी मी जाऊ कशी?"

"वहिनींबरोबर जा. तेवढ्याच गप्पा होतील."

हे ऐकल्यावर दहाव्या मिनिटाला ती गाडीसकट गॅरेजमध्ये होती. नवराही सोबत आला होता. मिस्त्रींनी बॉनेट उघडलं आणि बराच वेळ आत पाहत राहिले.

"ताई, तेल कुणी घातलं?"

"मीच. पट्टीवर कमी दिसत होतं."

"बघू, कसं बघता?"

तिनं पट्टी काढली, पुसली, आत घालून परत काढली आणि टोक वर करून धरली. मिस्त्रींनी तिच्या हातातली पट्टी अलगद फिरवली आणि टोक खाली केलं. खालची खूण वर गेली. तिचा चेहरा खाली गेला.

"तेल पहिल्या दिवशीच पुरेपूर होतं. तुम्ही वरून भरवत राहिलात," मिस्त्री म्हणाले. "पोट भरल्यावर बाळाला पाजलं की ते गुळणी टाकतं ना, तसं झालंय. झाकणाच्या कडेनं तेल बाहेर येतंय आणि तापलेल्या पाइपवर पडून जळतंय. तुमच्या घरी बाळ आहे का?"

"आठ महिन्यांचं," ती पुटपुटली.

"त्याला जपा," मिस्त्री म्हणाले. त्यांनी जास्तीचं तेल काढलं, पाइप पुसला, झाकणाखालची रबरी पट्टी बदलली. "अशी उलटी धरायला शिकवलं कुणी?"

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. नवरा टायर पाहत होता. परतीच्या वाटेवर त्यानं खिडकीची काच खाली घेतली, परत वर घेतली. मग म्हणाला, "सकाळी वहिनींच्या गाडीतही कमी दिसलं होतं. आपला उरलेला तेलाचा डबा मी त्यात ओतला."

रविवारी गॅरेज बंद. सोमवारी सकाळी तिनं गाडीचं दार उघडलं, तेव्हा शेजारच्या सीटवर जाऊबाई मांडीवर पर्स घेऊन बसलेल्या होत्या.

गाडी गल्लीबाहेर पडली. पहिला सिग्नल गेला, दुसरा गेला. जाऊबाई काहीच बोलेनात. तिलाच अवघडल्यासारखं झालं.

"वहिनी, रागावलात का? गाडीमुळे?"

"छे ग," जाऊबाई समोर पाहतच म्हणाल्या. "दिवसभरात मला एवढाच वेळ गप्प बसायला मिळतो. घरी आपण बोलत राहिलं नाही, तर सगळे काम सांगतात. मी तुला चल म्हणाले ना, तू हो म्हणतेस की काय म्हणून धाकधूक होत होती. बोलायलाच पाहिजे का आता?"

"नाही," ती म्हणाली.

मग दोघीही बोलल्या नाहीत. गाडीत कसलाही वास येत नव्हता. आपल्या ऑफिसपाशी उतरताना जाऊबाईंनी पदर सारखा केला आणि खिडकीत वाकून म्हणाल्या,

"घरी कुणी विचारलं तर सांग, वहिनींनी डोकं खाल्लं."