जुन्या व्हर्जनचा दहावा

गुरुवारी दुपारी फर्मवेअर अपडेट झालं, त्यात आमच्या राउटरचं जुनं व्हर्जन वारलं आणि राउटरला दहा दिवसांचं सुतक लागलं.

फोनवर तशी सूचना आली. एरवी जिथं ‘जोडलेले आहे’ असं दिसतं, तिथं ‘सुतक आहे, क्षमस्व’ असं आलं होतं. राउटरवरचे हिरवे दिवे विझले होते आणि गेलेल्या माणसाच्या जागी ठेवतात तसा एकच पिवळा दिवा मंद जळत होता. माझा नवरा सुधन्वा बँकेतून निवृत्त झाल्यापासून घरातल्या सगळ्या यंत्रांचा डॉक्टर झालेला आहे. त्यानं राउटर बंद करून चालू केला, वायरी काढून फुंकर मारून परत खोचल्या, मागच्या बारीक भोकात माझ्या कानातल्याची तार घालून दाबून धरली. पिवळा दिवा तसाच. शेवटी त्यानं फोनवर ‘हे नेटवर्क विसरा’ असं दाबलं. त्यावर उत्तर आलं, ‘इतक्यात?’ सुधन्वा ओशाळला आणि स्वयंपाकघरात येऊन बसला.

नेट अगदीच बंद नव्हतं. सुतकात चालतं तेवढं चालायचं. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लगेच जायची, वाढदिवसाच्या शुभेच्छा मात्र अडकून पडायच्या. आमची मुलगी ऋजुता घरून पुण्याच्या ऑफिसचं काम करते. तिच्या लक्षात आलं की मेलची सुरुवात ‘कळवण्यास अत्यंत दुःख होते की’ अशी केली तर मेल जाते. तिच्या साहेबांनी दोनदा तिची विचारपूस केली. शेजारच्या पाटणकरांनी आपला पासवर्ड देऊ केला, पण आपल्या घरात सुतक असताना दुसऱ्याच्या घरात शिरायचं कसं, म्हणून आम्हीच नको म्हटलं. मोबाईलची रेंज आमच्या पेठेत मुळातच नाही. परसातल्या नारळाला पाठ लावून उभं राहिलं की बोलण्यापुरती मिळते.

त्या नारळापाशी जाऊन मी कंपनीला फोन लावला. पलीकडे एक मुलगी होती.

“मयत व्हर्जनचा नंबर सांगाल का, मॅडम?”

“चार दोन सात.”

“वय?”

“आमच्याकडे साडेतीन वर्षं होतं.”

“आजारी होतं का?”

“अधूनमधून अडखळायचं. पण इतक्यात जाईल असं वाटलं नव्हतं हो.”

“आम्ही आपल्या दुःखात सहभागी आहोत. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला की सुतक उतरेल आणि नवं व्हर्जन कामाला लागेल.”

“आणि नाही शिवला तर?”

तिनं मला थोडा वेळ थांबायला सांगितलं. मध्ये सनई वाजायला लागली, पण कुणीतरी ती घाईनं बंद केली. “तर त्याची काही इच्छा राहिली असं आम्ही धरतो,” ती परत येऊन म्हणाली. “ती कळेपर्यंत आणि कुणीतरी शब्द देईपर्यंत हीच स्थिती राहील.”

“अगं, दहावा शनिवारी येतो. रविवारी आमच्या अक्कांचा कार्यक्रम आहे. तो व्हायलाच हवा.”

“समजू शकते, मॅडम,” ती म्हणाली. हे वाक्य तिला पाठ करायला लावलेलं असणार, पण तिनं ते खरंच समजून म्हटल्यासारखं वाटलं.

अक्का म्हणजे सुधन्वाची थोरली बहीण. लग्न केलं नाही. कऱ्हाडातल्या मुलींच्या शाळेत आयुष्यभर गणित शिकवलं. श्रावणात त्या न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टर म्हणाले, “हाड जुळलंय. आता यांनी उठायचं मनावर घेतलं पाहिजे.” अक्कांनी तेच मनावर घेतलं नव्हतं. मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून असायच्या. चहा हवा का म्हटलं तर ‘ठेव’, जेवता का म्हटलं तर ‘ठेव’. ज्या बाईंच्या नुसत्या खाकरण्यानं वर्ग गप्प व्हायचा, त्यांचा आवाज घरात ऐकू येईनासा झाला. मला भीती वाटायची. खोलीत जाताना मी आधी पांघरूण हलतंय का ते बघायचे.

अशात शमशाद मुजावर नावाच्या त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. अक्कांच्या पहिल्या तुकडीच्या मुली, म्हणजे आता साठीला टेकलेल्या बायका, रविवारी व्हिडिओ कॉलवर जमणार होत्या. बाईंना बघायचं होतं, त्यांचा सत्कार करायचा होता. मी हे अक्कांना सांगितलं तेव्हा त्यांनी मान वळवली आणि म्हणाल्या, “माझी निळी इरकल इस्त्रीला दे.” तीन महिन्यांत त्यांनी मागितलेली ती पहिली वस्तू. साडी मी स्वतः इस्त्री केली, आणि करताना रडले.

अडचण एकच होती. मागच्या खोलीत नेट पोचत नाही. मधल्या दोन भिंती जुन्या आणि दांडग्या आहेत. राउटर हॉलमध्ये टीव्हीखाली असतो, कारण तो टीव्हीखालीच असतो. अक्कांना उठवून बाहेर आणायचं तर त्या ‘नको’ म्हणत. तेव्हा घरात असं ठरलं होतं की सत्काराला आम्ही तिघांनी हॉलमध्ये बसायचं आणि काय काय झालं ते अक्कांना नंतर नीट सांगायचं. टीव्हीशेजारच्या खुर्चीवर अक्कांचा फोटो ठेवायची कल्पना सुधन्वाची. हार घालू या म्हणाला नाही हे नशीब. अक्कांना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, “चालेल. दार उघडं ठेवा, मी इथून ऐकेन.” आम्हालाही ते चाललं. आता हे लिहिताना बरं वाटत नाही, पण तेव्हा घरात कुणालाच त्यात वावगं दिसलं नाही. आम्हाला काळजी होती ती फक्त कावळ्याची.

शनिवारी सकाळी आम्ही घाटावर गेलो. गिजरे गुरुजींनी राउटर पाटावर ठेवायला सांगितला.

“नाव?”

“चार दोन सात,” सुधन्वा म्हणाला.

“गोत्र?”

सुधन्वानं माझ्याकडे बघितलं. मी ऋजुताकडे.

“माहीत नसेल तर काश्यप,” गुरुजी म्हणाले आणि पुढे निघाले. त्यांना सवय होती. गेल्या महिन्यात त्यांनी एका वॉशिंग मशीनचं केलं होतं.

विधी यथासांग झाला. भाताचा पिंड, त्यावर काळे तीळ, आणि गेलेल्याच्या आवडीचं म्हणून शेजारी नवी कोरी वायर. कावळे समोरच्या भिंतीवर ओळीनं बसले होते. आम्ही मागे सरकलो. एक कावळा खाली आला, पिंडाभोवती फिरला, वायरीकडे तिरकं बघितलं आणि परत भिंतीवर जाऊन बसला.

“बोला काहीतरी,” गुरुजी म्हणाले. “शब्द द्या.”

सुधन्वा हात जोडून पुढे झाला. “तुझ्यावर ठेवलेला पितळेचा हत्ती काढू.”

कावळे हलले नाहीत.

“मोठ्या स्पीडचा प्लॅन घेऊ.”

“तुला डबडं म्हणणार नाही,” ऋजुता म्हणाली. कॉल तुटला की तिनं त्याला काय काय म्हटलं होतं ते आम्ही ऐकलेलं होतं. “नव्यालाही म्हणणार नाही.”

“दर आठवड्याला धूळ पुसू,” मी म्हटलं. “उन्हाळ्यात पंखा लावू.”

काही उपयोग झाला नाही. सुधन्वानं गुरुजींना हळूच विचारलं, दर्भाचा कावळा करून शिवता येईल का. गुरुजींनी मान हलवली. “माणसांना चालतो. कंपनी धरत नाही. मी मागेच विचारून ठेवलंय.”

ऊन चढायला लागलं. आमच्या शेजारी ओगलेवाडीचे एक गृहस्थ आपल्या वडिलांच्या दहाव्याला आले होते. त्यांच्या पिंडाला केव्हाच कावळा शिवला होता. ते पटक्यानं तोंड पुसत आमच्याजवळ आले.

“कोन गेलं म्हनायचं?”

“घरातलंच,” सुधन्वा म्हणाला. “राउटरचं जुनं व्हर्जन.”

“अरारा,” ते म्हणाले आणि पिंडाकडे बघून त्यांनीही हात जोडले. मग म्हणाले, “आमच्या आईच्या येळंला बी असंच झाल्तं. लई येळ शिवंना. मागं एक धाकटी मावशी हुती, अंथरुनाला खिळल्याली. तिच्याकडं आमी बगू म्हनल्यावर शिवला बगा. तुमच्यात मागं कोन हाय का, त्याचा जीव अडकल्याला?”

मागे कोण आहे, हे त्यांना विचारावं लागलं याची मला लाज वाटली. अक्कांच्या फोनवर कधीकधी नेटची एक काडी दिसायची. दिसायची आणि जायची. आम्ही म्हणायचो, बिघडलंय. पण साडेतीन वर्षं, दोन दांडग्या भिंतींतून, ते रोज तिथवर जायला बघत होतं. आम्ही तर दारातून जाऊ शकत होतो.

मी पुढे झाले. “तुला अक्कांपर्यंत जायचं होतं,” मी म्हटलं. “तुझ्याच्यानं झालं नाही. आम्ही करू. अक्का जिथं असतील तिथं नेट असेल. अक्का सोडून आम्ही एकटे काही बघणार नाही. हा माझा शब्द.”

भिंतीवरचा पहिलाच कावळा सरळ खाली आला आणि पिंडात चोच घातली. राउटरचे चारही दिवे हिरवे झाले. पाटावर, वायर न लावता. गुरुजी म्हणाले, “चला, सुटलं.” ओगलेवाडीचे गृहस्थ आमच्याआधी रडले.

घरी येऊन आम्ही आंघोळी केल्या आणि राउटर टीव्हीखाली ठेवला. हॉलमध्ये नेट नव्हतं. स्वयंपाकघरात नव्हतं. ऋजुता फोन हातात धरून घरभर फिरली आणि मागच्या खोलीच्या उंबऱ्यात थांबली. आत सगळ्या काड्या भरल्या होत्या. सुधन्वानं परत कंपनीला फोन केला, तर ती मुलगी म्हणाली, “शब्द असाच नोंदलाय, सर. ‘अक्का जिथं असतील तिथं.’ बदल करायचा असेल तर मयताची संमती लागेल.”

रविवारी आम्ही अक्कांना निळी इरकल नेसवली आणि उशांना टेकवून बसवलं. लॅपटॉप त्यांच्या मांडीवरच्या पाटावर ठेवला. आम्ही तिघं कॉटच्या कडेला दाटीवाटीनं बसलो. पडद्यावर एकेक चौकोन उघडत गेला. पांढरे केस, चष्मे, कुणाच्या मागे नातवंडं. सगळ्या जणी एकदम ‘बाई’ म्हणाल्या.

शमशादनं डोळे पुसले आणि हातातला कागद उघडला. “आदरणीय बाई, आपल्या ऋणातून...”

“शमशाद,” अक्का म्हणाल्या, “तोंडी परीक्षेला कागद चालत नाही.”

तो आवाज. स्वयंपाकघरातल्या दुधावर मला लक्ष द्यायचं होतं, पण मी जागची हलले नाही. चौकोनांतल्या बायका ताठ बसल्या. सुधन्वासुद्धा ताठ बसला. नंतर सत्काराची भाषणं राहूनच गेली. अक्कांनी प्रत्येकीला विचारलं, काय करतेस, घरात कोण आहे, गुडघे कसे आहेत. एकीनं विचारलं, “बाई, तुम्ही उभ्या कधी राहणार?”

“पुढच्या रविवारी सांगते,” अक्का म्हणाल्या.

पुढच्या रविवारी त्या कॉटला धरून उभ्या राहिल्या. पडद्यावर टाळ्या वाजल्या. त्यानंतरच्या आठवड्यात वॉकर आला, आणि एका सकाळी अक्का वॉकर टेकवत हॉलकडे निघाल्या. मागच्या खोलीत ऋजुताची ऑफिसची मीटिंग चालू होती. मीटिंग जागच्या जागी थांबली, पडद्यावर साहेबांचं तोंड अर्धवट उघडं राहिलं. ऋजुतानं लॅपटॉप उचलला आणि आत्याच्या मागोमाग चालायला लागली. तिच्या मागे क्रिकेट बघत सुधन्वा. त्याच्या मागे पोळ्यांचं पीठ हाताला लागलेलं असताना मी, कारण माझाही एक व्हिडिओ अर्धा राहिला होता. अक्का हॉलमधल्या खुर्चीत बसल्या. मीटिंग पुढे सुरू झाली.

आता अक्का निघायच्या आधी सांगतात. “मी अंगणात जातेय,” असं म्हणून दारात थांबतात, आम्ही सगळे गोळा झालो की मग पाय उचलतात. डॉक्टरांनी रोज थोडं चालणं वाढवायला सांगितलंय. गेल्या आठवड्यात त्या पेठेच्या कोपऱ्यावर भाजीला गेल्या. मेथीची जुडी निवडायला त्यांना बराच वेळ लागतो, तेवढ्यात सुधन्वानं विजेचं बिल भरलं. भाजीवालीच्या मुलीनं तिथंच बसून आपल्या फोनवर शाळेचा अभ्यास उतरवून घेतला. अक्कांनी तिची वजाबाकी तपासली.

काल त्या म्हणाल्या, पुढच्या महिन्यात आगाशिवाच्या डोंगरावर जायचं. वाटेनं चढताना खालचं सगळं कऱ्हाड दिसतं, ते पुष्कळ वर्षांत बघितलं नाही म्हणाल्या. सुधन्वा संध्याकाळी निमूटपणे बाजारात गेला आणि चौघांना चढणीचे बूट घेऊन आला.