खुर्ची रिकामीच आहे

“मामा, गिऱ्हाईक येतं, बूट घेतं आणि कायमचं गायब होतं. त्यांना परत आणायला नको?” दुकानात पाऊल ठेवताच भाची लुकियाने विचारलं.

आर्गिरिसने हातातली आरी खाली ठेवली. ग्रीसमधल्या व्होलोसच्या बंदरामागच्या गल्लीत तो चाळीस वर्षं हाताने शिवलेले बूट विकत होता. परत यावं असं मनापासून वाटणारं त्याचं गिऱ्हाईक मात्र एकच होतं. पोलिक्सेनी, संगीत शिकवणारी. दोन वर्षांपूर्वी तिने तपकिरी बूट घेतले, खिडकीजवळच्या निळ्या खुर्चीत बसून गप्पा मारल्या, कॉफी संपल्यावरही तासभर उठली नाही, आणि मग जी गेली ती गेलीच. एकसष्टाव्या वर्षी हे सांगायचं तरी कुणाला?

“कसं आणणार?” त्याने विचारलं.

“एकदा येऊन गेलेल्यांचे नंबर आहेत आपल्याकडे. त्यांच्यामागे जाहिरात लावायची. फोनवर हवामान बघू देत, बातम्या वाचू देत, आपण समोर हजर! फक्त एक चांगली ओळ हवी.”

ओळ आर्गिरिसने स्वतः लिहिली. त्याला अख्खी दुपार लागली. ‘तुम्ही गेलात तेव्हापासून खुर्ची रिकामीच आहे. एकदा या ना.’ सोबत निळ्या खुर्चीचा फोटो.

“अरे मामा, बूट कुठायत?”

“ज्याला कळायचं त्याला कळेल.”

लुकियाने कपाळाला हात लावला, खाली बारीक अक्षरांत दुकानाचा पत्ता टाकला आणि जाहिरात सोडून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मासळीवाली वासो नवऱ्याचा फोन नाचवत आत आली. मागे नवरा थानासिस, मान खाली घालून.

“तीन वेळा आलंय हे! मासळीचे भाव बघायला गेलं तरी हेच! पत्ता इथलाच आहे. कोण आहे ती?”

“ती नाही,” आर्गिरिस चाचरत म्हणाला, “मी आहे.”

वासोने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. “थानासिस?”

“अगं, मी फक्त बूट घेतले होते!”

“मग यांना एवढा विरह कशाचा?”

प्रकरण मिटवायला थानासिसने तिथल्या तिथे बायकोसाठी बूट घेतले. दुपारपर्यंत अशी आणखी चार जोडपी येऊन भांडून, बूट घेऊन गेली. संध्याकाळी म्हातारे कॅप्टन लेफ्तेरिस आले. ते भांडले नाहीत. “माझी बायको पत्रात अगदी असंच लिहायची,” एवढंच म्हणून निळ्या खुर्चीत बसले. मग रोजच येऊ लागले.

आठवड्याभरात फळ्या रिकाम्या झाल्या. लुकिया आनंदाने नाचायची बाकी होती. आर्गिरिस मात्र दारावरची घंटा वाजली की मान वर करायचा आणि पुन्हा खाली घालायचा. शेवटी न राहवून त्याने विचारलं, “त्या यादीत पोलिक्सेनी म्हणून कुणी आहे का गं?”

लुकियाने यादी वरून खाली पाहिली, मग मामाकडे पाहिलं. सगळं तिच्या लक्षात आलं.

“मामा, तिने नंबर दिलाच नव्हता. तिला जाहिरात गेलीच नाही.”

“मग गेली कुणाला?”

“तिला सोडून अख्ख्या गावाला.”

गुरुवारी घंटा वाजली तेव्हा त्याने मान वर केलीच नाही.

“ऐकलंत का? माझा बूट उसवलाय,” पोलिक्सेनी म्हणाली.

तो इतक्या घाईने उठला की खिळ्यांचा डबा पालथा झाला. “तुम्ही... जाहिरात बघून आलात?”

“कसली जाहिरात? मी तो फोन फक्त बोलायला वापरते.” तिने पिशवीतून तपकिरी बूट काढला. “दोन वर्षं पेलिओन डोंगरातल्या दगडी वाटा तुडवल्या हो मी. काही म्हणता काही होईना याला. म्हटलं, असे बूट केल्यावर माणसाने परत यायचं तरी कशाच्या निमित्ताने?”

आर्गिरिसने बूट उजेडात धरला. शिवण झिजलेली नव्हती. धागा सरळ, स्वच्छ कापलेला होता. कात्री लहान असावी, नखं कापायची. त्याने तिच्याकडे पाहिलं. ती भिंतीकडे बघत होती.

“फार झिजलाय,” तो गंभीरपणे म्हणाला. “आठ दिवस तरी लागतील. रोज येऊन बघून जावं लागेल.”

“आणि दुसरा बूट?” तिने विचारलं. “तो अजून चांगला आहे.”

“तो पुढच्या आठवड्यात उसवेल,” आर्गिरिस म्हणाला.